करणाऱ्याचा पेला

बाई, काल पुन्हा बेदाणे भिजत घातले. उद्या प्रभुभोजन आहे, मंडळीला भाकरीबरोबर रस द्यायचा आहे म्हटलं की आदल्या दिवशीचं हे काम ठरलेलं. काळे बेदाणे निवडायचे, देठ काढायचे, धुवायचे, कोमट पाण्यात घालून वर ताट झाकायचं. दिवस कलला की हाताने कुस्करायचे, मंद आचेवर एक उकळी आणायची आणि तुमच्या पांढऱ्या फडक्यातून पिळून घ्यायचे. तुम्ही शिकवलं तसंच करतो, एकही पायरी सोडत नाही. पातेलंही तेच आहे, तुम्ही मला देऊन ठेवलेलं, ज्यात दुसरं काहीही शिजवायचं नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोने त्यात भात लावायला घेतला होता आणि मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की तिच्या हातातलं तांदळाचं माप खाली पडलं. ती जतकडची आहे, तोंडाने सडेतोड. तांदूळ गोळा करता करता म्हणाली, "आवं, पातेलंच हाय न्हवं? का त्यो शास्त्रातला कराराचा कोश हाय, हात लावला की मरायला?" तुम्ही असतात तर हसला असतात. मला मात्र त्या दिवशी हसू आलं नव्हतं.

आता रविवारची दुपार आहे. उपासना होऊन आम्ही घरी आलो आहोत, बायको बाहेरच्या खोलीत पावटे सोलत बसली आहे आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहून हे लिहितो आहे. जे लिहायचं आहे ते सरळच लिहितो, कारण तुम्हाला वळसे घेतलेलं वाक्य आवडत नसे. बाई, वर्ष होऊन गेलं, मी प्रभुभोजनाचा रस करतो, पण घेत नाही. सगळ्या मंडळीचे पेले मी भरतो आणि माझा पेला देवळामागच्या कढीपत्त्याच्या मुळाशी ओततो. माझा विश्वास उरला आहे की नाही, हे मला कळत नाही. विचारायला माझ्याकडे तुम्ही एकट्याच आहात, आणि तुम्ही तर साताऱ्याच्या मातीत जाऊन किती वर्षं झाली.

साताऱ्यातलं आपलं पत्र्याचं, वर क्रूस असलेलं देऊळ मला अजून तसंच दिसतं. मी नववीतून शाळा सोडली तेव्हा वडिलांनी काही विचारलं नाही, आईने रडून घेतलं, आणि रागावलात फक्त तुम्ही. शाळेतून निवृत्त होऊन तुम्हाला बरीच वर्षं झाली होती, तरी पुढच्या रविवारी उपासनेनंतर मला बाकावर बसवलंत आणि शास्त्रातला एक उतारा घालून शुद्धलेखन घेतलंत. "गणित सुटलं तर सुटू दे. ऱ्हस्व-दीर्घ सोडायचं नाही. गरिबाच्या पोराचं अक्षर स्वच्छ असेल तर चार माणसं त्याला बसायला खुर्ची देतात." मग दर रविवारी ते चालूच राहिलं. त्याच अक्षरावर मला पोवई नाक्याजवळच्या छापखान्यात काम मिळालं, आणि आजही मी तेच खातो. इथे सांगलीत विश्रामबागला एका फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर बसतो. वाढदिवस, नेमणुका, भावपूर्ण श्रद्धांजली. मालक म्हणतो, "गड्या, तू हायस म्हणून आपल्या दुकानात मेलेला माणूस तरी शुद्ध मरतोय."

रस करायला तुम्ही मला घेतलंत ते तुमचं मनगट मोडल्यामुळे. वाईच्या घाटावर पाय घसरून तुम्ही पडला होता. प्लास्टर निघालं तरी हातात जोर राहिला नव्हता, आणि फडकं पिळायला जोर लागतो. तोवर मी चांगला मिशा फुटलेला गडी झालो होतो. तुम्ही खुर्चीवर बसून सांगायच्या, मी करायचो. "पीळ. अजून पीळ. फडक्याची कीव करू नको, ते माझ्या आईच्या लुगड्याचं आहे, त्याने बरंच सोसलंय." आणि मग ती उन्हाळ्यातली गोष्ट, जी तुम्ही इतक्या वेळा सांगितली की मी तिथे होतो असंच मला वाटतं. पाळक महाबळेश्वरहून यायचे होते, घाटात गाडी बंद पडली, उपासना दुसऱ्या दिवसावर गेली, आणि केलेला रस मे महिन्याच्या उकाड्यात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी तुम्ही घाईत चव न बघताच पेले भरलेत. दारूला जन्मभर हात न लावलेली ती सगळी माणसं. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या आजीबाईंनी पेला रिकामा केला, डोळे मिटले, आणि शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाई गं, आज पवित्र आत्मा लय जोरात हाय." हे सांगताना तुम्हाला हसून हसून ठसका लागायचा. आणि ठसका थांबला की बोट वर करून म्हणायच्या, "म्हणून सांगते, बेदाण्याचा रस थांबत नाही. आजचा आज. उद्यापर्यंत तो आंबतो."

आपल्या देवळातली रीत अशी की करणाऱ्याने शेवटी घ्यायचं. घरची बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसते, तसं. तबक बाकाबाकावरून फिरून बाजूच्या खोलीत परत येतं, त्यात एक भरलेला पेला उरतो, तो करणाऱ्याचा. खोलीत दुसरं कोणी नसतं. तो पेला कोणी घेतला की नाही, हे मंडळीला कधी दिसत नाही. मला दिसलं, कारण रिकामे पेले विसळायला मी तिथे होतो. तुम्ही तबकातून तो पेला उचललात, खिडकीशी गेलात, आणि बाहेरच्या तगरीच्या बुंध्याशी हळूच ओतलात. मला वाटलं, काही पडलं असेल त्यात, चिलट वगैरे. पुढच्या महिन्यातही तेच झालं. मग तिसऱ्या खेपेला मी विचारलंच, "बाई, तुम्ही घेतला नाही?" तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत. तुमचा तो चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. "दुसऱ्याच्या ताटात डोकावायला मी तुला शिकवलं नाही," म्हणालात. "पेले विसळ."

तुमच्या भाचीला जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. आईवेगळी ती मुलगी तुम्ही पोटच्यासारखी वाढवलीत, तिचं लग्न करून दिलंत, आणि ती पहिल्या बाळंतपणात गेली. मूलही गेलं. तुम्ही त्या आठवड्यातही संडे स्कूल घेतलंत. सगळे म्हणत, बाईंचा विश्वास बघा, कसा खडकासारखा. पाळकांनी तुमचं उदाहरण उपदेशात दिलं तेव्हा तुम्ही मान खाली घालून साडीच्या निऱ्या सारख्या करत होता. मला माहीत होतं की तो खडक दर महिन्याला खिडकीशी जाऊन काय करतो. तरी मी कुणाला बोललो नाही. फक्त एकदा, पातेलं घासताना, मला राहवलं नाही. म्हटलं, "तुम्हाला घ्यायचं नसतं, तर मग करता कशाला? दुसऱ्या कुणाला सांगा." या वेळी तुम्ही रागावला नाहीत. बराच वेळ फडक्यातला चोथा झटकत राहिलात. मग म्हणालात, "भूक मेली म्हणून चूल विझवत नाहीत रे. घरात बाकीची माणसं असतात."

त्यानंतर एका रविवारी तबक परत आलं, मी आत आलो, आणि शेवटचा पेला रिकामा होता. तुमच्या हातात होता. खिडकी बंदच होती. तुम्ही तो इतरांसारखाच माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, "नीट विसळ, कडेला चिकटतं." एवढंच. मी तो दिवस आता मनात शंभर बाजूंनी उलटून पाहतो. त्या दिवशी काय झालं होतं? उपदेश नेहमीचाच होता. ध्वनिक्षेपक खरखरत होता. सकाळी चहात साखर जास्त झाली म्हणून तुम्ही कुरकुरला होता. कुणी नवीन माणूस आलं नव्हतं, कुणी उभं राहून आपल्या विश्वासाची साक्ष दिली नव्हती. तुम्ही रडलाही नव्हता. मग आदल्या महिन्यात जो घोट घशाखाली जात नव्हता, तो त्या दिवशी कसा गेला? मी विचारायला हवं होतं. पण एकदा ताटात डोकावल्याबद्दल बोलणी खाल्ली होती, दुसऱ्यांदा धीर झाला नाही. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. जाण्याआधी पातेलं आणि फडकं माझ्या हाती दिलंत, पण ते उत्तर द्यायचं राहिलं.

सांगलीला आल्यावर इथल्या लहानशा मंडळीत हे काम माझ्याकडे आपसूक आलं. पहिल्या वेळी मी तासगावचे लांब, हिरवे, बाजारातले सगळ्यात देखणे बेदाणे आणले, प्रभूच्या मेजाला चांगलं ते असावं म्हणून. रस निघाला फिकट. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी पेला उजेडात धरून विचारलं, "हे काय, रसवंतीवरनं आणलं व्हय?" तेव्हा कळलं की तुम्ही साधे काळे बेदाणे का घेत होता. मग इथेच माझं लग्न झालं, आणि आमची मुलगी जन्मली.

बाई, तिला तुम्ही पाहिलं नाहीत. तिच्या हृदयाला छिद्र होतं. वजन वाढलं की ऑपरेशन करू, असं डॉक्टर म्हणाले, आणि वजन काही वाढेना. ती दूध ओढताना दमायची. थोडं प्यायची, थांबायची, कपाळावर घाम यायचा, आमच्याकडे बघायची आणि पुन्हा प्यायला लागायची. एवढ्याशा जिवाला जगण्यासाठी इतकं कष्टाने प्यावं लागतं, हे मी रोज बघत होतो. मंडळीने साखळी प्रार्थना धरली. प्रत्येकाला वेळ वाटून दिली होती. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, गॅस बंद केला तरी परत जाऊन बघणारा. मी माझी वेळ एकदाही चुकवली नाही. शब्दही चुकवले नाहीत. मग तिला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. अजून ती बसायलाही लागली नव्हती.

दुकानाचा मालक भला माणूस, म्हणाला, पोरीचा एक फ्लेक्स करू, पैशाचं बघू नकोस. मी नको म्हटलं. लाकडाच्या क्रुसावर नाव मीच रंगवलं. पेन्सिलीने रेघा आखल्या, अक्षरांमधलं अंतर मोजलं, एक वेलांटी जाड झाली म्हणून पुसून परत काढली. दफनभूमीत क्रूस रोवल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "अक्षर लय देखणं आलंय." आणि बाई, त्या क्षणी मला बरं वाटलं. पोरीवर माती पडत होती आणि मला माझं अक्षर चांगलं आल्याचं बरं वाटलं. त्यानंतर माझ्या आत काहीतरी बंद झालं, ते उघडलं नाही.

सांत्वनाच्या प्रार्थनेला बाहेरगावचा एक उपदेशक आला होता. तो म्हणाला, घरात कुणाचा तरी विश्वास डळमळला की शत्रूला, सैतानाला, फट सापडते. इतरांनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं असेल. मी ती फट शोधत बसलो. कोणत्या दिवशी, कोणत्या प्रार्थनेत माझं लक्ष दुसरीकडे गेलं होतं? दुसरा म्हणाला, देवाने आपल्या बागेसाठी फूल खुडलं. मला वाटलं, ज्याच्याकडे एवढी बाग आहे त्याला आमच्या एका कळीसाठी जरा थांबता आलं नसतं का? आमच्या शेजारी एक फौजी कुटुंब आहे, ऊसवाले, देवळात कधी न आलेले. त्यांच्या घरातली आजी कितीतरी दिवस पिठलं-भाकरी घेऊन यायची, ओट्यावर ठेवायची आणि एक शब्द न बोलता निघून जायची. फक्त तिच्या येण्याने बरं वाटायचं.

पाळक पेल्याआधी जो उतारा वाचतात त्यात आहेच की माणसाने आधी स्वतःला पारखावं, अयोग्यपणे घेऊ नये. मी पारखतो. आत काहीच सापडत नाही. राग असता तरी चाललं असतं. प्रार्थनेला डोळे मिटतो तेव्हा पूर्वी असं वाटायचं की समोर कुणीतरी ऐकायला बसलं आहे, आणि आता ती खुर्ची रिकामी वाटते. मग त्या पेल्याला कशाच्या जोरावर हात लावू? म्हणून झाडाला घालतो. कढीपत्ता मात्र तरारला आहे. मंडळीतल्या बायका तोडून नेतात आणि म्हणतात, काय वास आहे.

आज बायकोने पाहिलं. इथल्या देवळात पेल्यांच्या खोलीला मागचं दार आहे, त्या दारातून ती चपला घ्यायला आली आणि मी पेला हातात घेऊन बाहेर पाऊल टाकत होतो. तिला आश्चर्य वाटलं नाही.

"घाला घाला," ती म्हणाली. "झाडाचा बाप्तिस्मा कवा हाय तेवढं सांगा."

"तुला माहीत होतं?"

"तुमच्या मिशीला कवा डाग दिसंना. आदी दिसायचा."

मी म्हटलं, मला घेववत नाही. तिने चपला खाली टाकल्या. म्हणाली, "लेकरू काय तुमचं एकट्याचं गेलंय? मी घेते तवा माझ्या मनात काय असतं, ते कवा इचारलंय?"

"काय असतं?"

"भांडण." तिचा आवाज चढला, मग तिने तो दाबला, कारण पलीकडे लोक बोलत उभे होते. "घोट घेते आन् भांडते त्याच्यासंगं. दर खेपेला. का नेलीस म्हणून इचारते. तोंड कोरडं ठिवून भांडता येत न्हाई मला."

"आणि काय म्हणतो तो?"

"काय न्हाई म्हणत." तिने पायात चपला घातल्या. "म्हणून तर पुढच्या महिन्यात परत जाते. भांडण अर्धवट हाय."

मी तिला म्हणालो की मला भांडताही येत नाही, समोर कुणी असल्यासारखं वाटलं तर भांडेन. माझ्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, तसंच मी तिला दवाखान्यात बाळाकडे पाहताना पाहिलं होतं, दूध पिताना दमलेल्या बाळाकडे. मग ती रिक्षा बघायला पुढे गेली.

तुमचं ते चुलीचं वाक्य मी वर्षभर धरून ठेवलं आहे, बाई. बाकीच्यांसाठी चूल पेटती ठेवली आहे. ते एवढंच मला जमतं. पण तुमची भूक परत आली होती, आणि ती कशी, ते तुम्ही सांगितलं नाहीत. कदाचित सांगण्यासारखं काही नसेलच. कदाचित तुम्हीही भांडायला गेला असाल. किंवा नुसत्या दमल्या असाल खिडकीपर्यंत जाऊन. मला माहीत नाही, आणि कळायचा मार्गही नाही. लोक आता मला म्हणतात, काय विश्वास, एवढं होऊनही सेवा सोडली नाही. मी शर्टाची बटणं सारखी करतो.

हे पत्र साताऱ्याला तुमच्या कबरीच्या दगडापाशी नेऊन ठेवावं असं आधी मनात होतं, पण वाऱ्याने उडून कुणाच्या हाती लागेल, ही भीती. म्हणून घडी करून फडक्यात गुंडाळतो आणि पातेल्यात ठेवतो. त्या पातेल्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. पुढच्या वेळी बेदाणे भिजवायला काढीन तेव्हा माझं मलाच सापडेल, आणि तोवर मी जो कोणी झालेला असेन तो वाचेल.

एक गोष्ट राहिली. आज मी पेला झाडाला घातला नाही. बायको रिक्षा बघायला गेल्यावर तो बाळाच्या औषधाच्या, नेहमी माझ्या खिशात असणाऱ्या स्टीलच्या छोट्या डबीत ओतला. ती डबी मी का जवळ बाळगतो, ते विचारू नका. झाकण घट्ट लावलं आणि खिशात घालून घरी आणली. आता ती माझ्यासमोर ओट्यावर आहे. मघाशी खाली जाऊन कुंडीत ओतावी म्हणून जिना उतरलो आणि परत वर आलो. पिण्याचं धाडस नाही. उद्यापर्यंत आंबेल, हे तुमच्याकडूनच शिकलो आहे. तरीही ओतवत नाही, बाई.